चौथ्याची नोंद

१

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अनीशने डोंगराच्या पायथ्याच्या पार्किंग लॉटमधून आसावरीला फोन केला आणि विचारलं, "सौमित्र घरी नीट पोचला ना गं काल?"

आसावरी फ्रीमाँटला आपल्या टाउनहाउसमध्ये लेकीचे केस विंचरत होती. ती म्हणाली, "घरी? तो तुमच्याबरोबर आहे ना?"

अनीश पार्किंगमध्ये जागीच थबकला. त्याच्यासमोर सौमित्रची गाडी उभी होती, टपावर वीतभर बर्फ साचलेली.

जुनिपर हट म्हणजे सिएरा नेवाडाच्या डोंगरात, रस्त्यापासून चार मैल आत असलेली लाकडी झोपडी. तिथे गाडी जात नाही, फोन लागत नाही. लांब, सडपातळ स्की पायाला बांधून बर्फातून चालत जायचं, चुलीशी झोपायचं, दुसऱ्या दिवशी आणखी वर भटकून यायचं. आमचा मराठी कंपू वीस वर्षं हे करतोय. सुरुवात मी आणि माझ्या नवऱ्याने, रवींद्रने केली. नंतर आमच्या मुलांच्या वयाचे पुण्या-नागपूरचे इंजिनियर येऊन मिळाले. या वर्षी चौघे गेले होते: अनीश, त्याची बायको रुचा, सौमित्र आणि रवींद्र. माझं नोव्हेंबरमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी घरी बसून सगळ्यांवर चिडचिड करत होते.

सोमवारी सकाळी सौमित्र सापडला. हटपासून पाऊण मैल वर, ओढ्याच्या काठाखाली. ओढ्यावर साचून झालेला बर्फाचा पूल पायाखाली मोडला होता आणि डाव्या मांडीचं हाड तुटलं होतं. फोन पाण्यात भिजून बंद पडलेला. चौतीस वर्षांचा होता.

शोधपथकाबरोबर पुन्हा वर जाणारा आमच्यातला एकटा रवींद्रच. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण त्यानेच सांगितलं की खालच्या चार मैलांत वेळ घालवू नका, ओढ्याच्या बाजूने वर बघा. नंतर शेरिफच्या माणसाने त्याचा हात हातात घेतला होता म्हणे. मला त्या दुःखातही माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मी शहाणपणाचा आव आणते असं कुणाला वाटायला नको.

२

मी तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होते. मेलेली माणसं कशाने आणि कधी मेली हे सांगायचं माझं काम. त्यामुळे तीन आठवड्यांनी आसावरीने मला बोलावलं, तेव्हा मला वाटलं पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट समजावून हवा असेल.

तिने लिफाफा माझ्यापुढे ठेवला. तो तिने उघडलाही नव्हता.

"हे तुम्ही वाचा, मावशी. मला नाही जमत. पण मला विचारायचंय ते वेगळंच." तिने एक कागद पुढे सरकवला. शेरिफच्या ऑफिसचा. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: एकटाच, हटच्या रजिस्टरमध्ये नोंद न करता बाहेर पडला.

"काल मंडळात कोणीतरी म्हणालं, एवढा शिकलेला माणूस, दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं? माझ्या समोर नाही म्हणाले. अनयाच्या समोर म्हणाले."

अनया सात वर्षांची. ती सोफ्याच्या टोकाला बसून माझ्याकडे बघत होती. "उत्तराआजी," ती म्हणाली, "डिड बाबा ब्रेक द रूल?"

मला एकदम रागच आला. त्या अज्ञात बाईचा किंवा बाप्याचा, आणि सौमित्रचासुद्धा.

आसावरीने मला मोबाइल दाखवला. शनिवारी सकाळी नऊ बेचाळीसचा मेसेज: 'प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला! परत वर जातोय. उद्या संध्याकाळी घरी. अनयाला पापी.'

"तो ऑन-कॉल होता," ती म्हणाली. "शुक्रवारी वर चढायच्या आधी ऑफिसचा फोन आला होता, सर्व्हरचं काहीतरी. रात्रभर काळजी करून शनिवारी सकाळी खाली आला असणार. पार्किंगमध्ये रेंज मिळाली, कळलं की काम झालंय, मग परत गेला. पण अनीश म्हणतो परत आलाच नाही. मग तो हटच्या वर कसा सापडला? कुणीतरी खोटं बोलतंय, मावशी. मला भांडायचं नाहीये कुणाशी. त्याने नोंद केली होती की नाही, एवढंच मला हवंय. तो माणूस दुधाची पिशवी आणायला जाताना चिठ्ठी लिहायचा."

"रजिस्टर बघितलं का कुणी?"

"बघितलं ना. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तिने डोळे पुसले. "त्या शनिवारचं पान फाडलेलं आहे."

३

अनीश आणि रुचाचं घर दहा मिनिटांवर. गराजमध्ये स्की भिंतीला टांगलेल्या होत्या आणि अनीश उगाचच त्या पुसत होता.

"मावशी, तुम्हाला पण वाटतं मी पान फाडलं?" मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "लीडर मी, म्हणजे गिल्टी मीच! सगळे तेच म्हणतायत यार."

"मला अजून काहीच वाटत नाहीये. शनिवारी सकाळपासून सांग."

"आठ वाजता सौमित्र खाली निघाला. स्लीपिंग बॅग, कपडे सगळं हटमध्येच ठेवलं. म्हणाला, उद्या येताना माझं सामान आणा, मी लाइट जातो. दहा वाजता आम्ही तिघं वर गेलो. ओढ्याच्या बाजूने चढलो आणि पलीकडच्या उतारावरून गोल फिरून चारला परत आलो. तीनपासून बर्फ पडत होता."

"म्हणजे गेलात त्या वाटेने परत आला नाहीत."

"नाही ना!" त्याचा आवाज फुटला. "आलो असतो तर तो दिसला असता."

रुचा चहा घेऊन आली. ती या तीन आठवड्यांत अर्धी झाली होती.

"निघताना रजिस्टरमध्ये कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी," अनीश म्हणाला. "वेळ, नाव, ओढा, तीन माणसं."

"तीन लिहिलेस? नक्की?"

"नक्की. काका बाहेर स्की बांधत होते तेव्हा रुचा चार लिही म्हणत होती. मी म्हटलं नको, हट सांभाळणाऱ्या लिंडाला आवडत नाही."

रुचा ओशाळवाणं हसली. "तिघं निघालो होतो ना मावशी. दगड घेतला होता मी खिशात. तुम्हीच शिकवलंय."

ते खरं होतं. तिघांनी मिळून कामाला निघू नये म्हणून आमच्या घरी एक दगड बरोबर घ्यायचे, की झाले चार. मी डॉक्टर असून ते सोडलं नाही, आणि बर्फात तर मुळीच नाही. या पोरांना आधी गंमत वाटली, मग सवय लागली.

"आणि परत आल्यावर रजिस्टर कुणी भरलं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मी लाकडं फोडायला गेलो," अनीश म्हणाला. रुचा म्हणाली, "मी बाहेर बर्फ वितळवायला पातेलं भरत होते. आम्ही आत आलो तेव्हा काकांनी चूल पेटवली होती. रजिस्टरचं... मला वाटलं अनीशने केलं."

"आणि मला वाटलं तू केलंस."

दोघांचेही चेहरे खरे होते. मी मेलेल्या माणसांची डॉक्टर असले तरी चाळीस वर्षं नवराबायको बघतेय. ठरवून बोलणारी जोडपी एकमेकांकडे अशी बघत नाहीत.

घरी येऊन रवींद्रला विचारलं. तो खिडकीशी बसला होता. "रजिस्टर? मी नाही बघितलं," तो म्हणाला. त्याचं जेवण तसंच झाकलेलं होतं. सौमित्र गेल्यापासून तो आसावरीकडे एकदाही आला नव्हता. गुडघा दुखतो म्हणायचा. त्या रात्री मी एकटीनेच लिफाफा उघडला आणि रिपोर्ट वाचला. वाचून परत बंद केला. त्यात काय होतं ते मी कुणालाही सांगितलं नाही.

४

हटची देखभाल लिंडा करते. सत्तरीची, उंच, शिस्तीची बाई. डोंगराच्या पायथ्याशी राहते आणि दर रविवारी स्कीवरून वर जाऊन हट तपासते. मी काठी टेकत तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिने मला मिठी मारली. वीस वर्षांची ओळख, पण मिठी पहिलीच.

तिने रजिस्टर टेबलावर उघडलं. पान मुळापासून फाडलेलं होतं, घाईने नाही, पट्टी धरून फाडावं तसं नीट.

"रविवारी तुमचे लोक खाली गेले आणि दुसऱ्या वाटेने मी वर गेले," लिंडा म्हणाली. "तेव्हा पान होतं. त्याच्या खाली मी माझ्या हाताने तापमान लिहिलं. मंगळवारी शेरिफसाठी वही उघडली तर पान नाही."

"त्यावर काय लिहिलं होतं?"

"शब्दाशब्दाने कुठून आठवणार? मी फक्त दोन रकाने बघते. गेले किती आणि परत आले किती. दोन्ही आकडे सारखे होते. सारखे नसते तर मी तिथूनच रेडिओ केला असता, उत्तरा. त्यासाठीच ती वही आहे."

आकडे सारखे होते. मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. तीन गेले, तीन आले. सौमित्रची नोंद नाही. मग शेरिफचं बरोबर, आणि सौमित्र खरंच न लिहिता गेला. पण मग ते पान फाडावं कुणी आणि कशाला? त्यात कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

"आणखी एक," लिंडा म्हणाली. "मागच्या वर्षी मला तुमच्या लोकांना बोलायला लागलं होतं. आकड्यांची मस्करी करू नका म्हणून." तिने कपाटातून जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "हे बघ."

५

गेल्या फेब्रुवारीतली नोंद होती. गेले: चार. परत आले: चार. नाव माझं. अक्षर माझं.

त्या दिवशी मी, रुचा आणि आसावरी अशा तिघीच गेलो होतो. चौथा होता रुचाच्या खिशातला दगड. मी हसत हसत चार लिहिले होते, आणि परत आल्यावर रवींद्रने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं होतं, "दगड सुखरूप आला का?" मी म्हटलं, "आला," आणि पुन्हा चार लिहिले.

लिंडाच्या टेबलावर मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

सौमित्र दुपारी बाराच्या सुमाराला हटवर पोचला असणार. रिकामी हट, आणि वहीत अनीशची ताजी नोंद: ओढा, तीन माणसं. चिठ्ठी लिहिल्याशिवाय दूध आणायला न जाणारा माणूस तिथे काय करेल? तो त्या तीनचे चार करेल, कारण तो त्याच गटात सामील व्हायला निघालाय. त्याच्या हिशेबाने ते अगदी चोख होतं. संध्याकाळी तिघंच परत आले की आकडे जुळणार नाहीत, आणि कुणीतरी त्याला शोधायला निघेल.

पण चार वाजता जो वहीपाशी गेला त्याने चार बघितले आणि त्याला वाटलं, रुचाचा दगड. आमच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणालाही असं वाटलं नसतं. एखादा अमेरिकन असता तर ओरडला असता, चौथा कुठे आहे? आमच्या माणसाने परतीच्या रकान्यात शांतपणे चार लिहिले. आणि लिंडाने रविवारी दोन सारखे आकडे बघून वही मिटली.

अनीशला माहीत होतं की आपण तीन लिहिलेत. रुचालाही माहीत होतं, तिचंच चार लिहिणं त्याने मोडून काढलं होतं. त्या दोघांपैकी कुणीही ते चार बघून दचकलं असतं. ते तीन लिहिले जाताना तिथे नव्हता असा एकच माणूस. संध्याकाळी सगळ्यात आधी आत जाऊन ज्याने चूल पेटवली तो. आणि रविवारी लिंडाने पान बघितल्यानंतर पथकाबरोबर पुन्हा वर गेलेला आमच्यातला एकटाच.

मला खरं तर त्याआधीच कळायला हवं होतं. खालची चार मैलांची वाट सोडून ओढ्याकडेच बघा, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. सौमित्र तिकडे गेलाय हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त वाचूनच कळू शकत होतं. मी मात्र अभिमानाने फुगले होते.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचले. रवींद्र खिडकीशीच होता. काठी भिंतीला लावून मी त्याच्यासमोर बसले.

"रवी, परतीचे चार तू लिहिलेस."

त्याने मान वर केली नाही. "तुला कळायला किती दिवस लागतील ते मी मोजत होतो," तो म्हणाला.

त्याने पाकिटातून घडी केलेला कागद काढला. जाळला नव्हता. मी चष्मा लावून बघितला. अनीशचे तीन, त्यावर गिरवून केलेले चार. परतीच्या रकान्यात रवींद्रचे ठसठशीत चार. आणि पार उजवीकडे, पाहुणे जिथे काहीबाही शेरे लिहितात तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'मी परत आलो! १२:४०. तुमच्या मागे ओढ्याने येतोय. चौथा मी. — सौमित्र.'

"चष्म्यावर वाफ धरली होती," रवींद्र म्हणाला. "आकडा दिसला. म्हटलं, घेतला वाटतं पोरीने दगड. हसलो पण मी, उत्तरा. हसत हसत लिहिलं. रविवारी परत वर गेलो तेव्हा उजवीकडचं वाचलं. पथकाला लगेच सांगितलं कुठे बघा ते. मग सकाळी तो सापडला, आणि मला ते पान कुणाला दाखवता येईना."

"आसावरीला तीन आठवडे लोक काय बोलतायत माहितेय तुला?"

"माहितेय."

"अनयाला?"

तो रडायला लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला दोनदा रडताना पाहिलंय, दोन्ही वेळा त्याच्या आईवडिलांसाठी. मला त्याला जवळही घ्यायचं होतं आणि गदागदा हलवायचंही होतं. मी दोन्ही केलं नाही. दगड त्याच्या डोक्यात कुणी घातला होता? मीच. वीस वर्षं कौतुकाने घालत होते.

"ऊठ," मी म्हणाले. "गाडी मी ड्राइव्ह करते."

७

आसावरीने पान दोन्ही हातांनी धरलं. रवींद्र उभाच होता. तिने बस म्हटलं नाही आणि तो बसला नाही. त्याने सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. एकदाच थांबला, पाणी हवं होतं बहुतेक, पण मागितलं नाही.

ती बराच वेळ ते पेन्सिलीचं अक्षर बघत राहिली. मग तिने अनयाला हाक मारली.

"हे बघ. बाबाचं हँडरायटिंग."

"व्हॉट डज इट से?"

आसावरीने एक एक शब्द बोट ठेवून वाचून दाखवला आणि इंग्रजीत सांगितला. अनयाने विचारलं, "सो ही साइन्ड?"

"येस, बाळा. ही साइन्ड. व्हेरी प्रॉपर्ली."

"ओके," अनया म्हणाली. तिने रवींद्रकडे बघितलं, त्याचे डोळे बघून एक पाऊल मागे सरली, आणि वर तिच्या खोलीत गेली. वर दार लागल्याचा आवाज आला.

"काका," आसावरी म्हणाली, "हे शेरिफला आणि मंडळातल्या लोकांना तुम्हीच सांगायचं. मी कुणाला सांगत फिरणार नाही."

"सांगतो," रवींद्र म्हणाला. "आज सांगतो."

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही रिपोर्ट वाचलात. सगळे डॉक्टर मित्र मला सांगतायत की तो लगेच गेला. त्याला काही कळलंच नसेल म्हणून. खरंय?"

मी खोटं बोलू शकले असते. खोलीत दोन माणसं होती आणि एका खोट्याने दोघांचीही सोय झाली असती. पण तीस वर्षं मी लोकांना वेळ सांगत आले होते, कधी पाच मिनिटांचीही सूट दिली नव्हती, आणि या मुलीला पहिली सूट द्यायचा मला काय अधिकार होता?

"नाही," मी म्हणाले. "त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने हृदयाचे ठोके मोजलेत. रात्री नऊ सतरापर्यंत."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू आत्ता किती वाजलेत त्यावरून काही ठरणार होतं.

"म्हणजे चारला कुणी शोधायला निघालं असतं तर?"

मला माझ्या मागे रवींद्रचा श्वास ऐकू येत होता. इतक्या दिवसांत त्याने मला हा एकच प्रश्न विचारला नव्हता. आणि ज्या दिवशी मी लिफाफा उघडला त्या दिवसापासून मीही त्याला सांगितलं नव्हतं, कारण तोवर माझा नवरा फक्त दुःखी होता आणि मला त्याला आणखी दुःख द्यायचं नव्हतं.

"पाऊण मैल होतं," मी म्हणाले. "पाय मोडलेला, कपडे भिजलेले, पण शुद्धीवर होता. अंधार पडायच्या आत सापडला असता. वाचला असता, आसावरी."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने. मी तिला धरून राहिले. माझ्या मागे रवींद्र हळूच जमिनीवर बसला, आणि त्याला धरायला मी वळले नाही.